घडीचा चाकू घेताना आधी सांधा बघा

प्रश्न असा आहे: जुन्या धाटणीचा घडीचा चाकू घ्यायचा आहे. मूठ हाडाची किंवा लाकडाची, आत पितळी पट्ट्या, पातं नखाने उघडायचं. दोन चाकू दिसायला जवळजवळ सारखे आहेत, पण किमतीत तिप्पट-चौपट फरक. बांधणी चांगली आहे की नाही हे हातात घेऊन कसं ओळखायचं, आणि लांबून मागवायचा असेल तर विकणाऱ्याला काय विचारायचं?

आधी सांधा बघा. पोलादाचं नाव, मुठीची चमक आणि मिटतानाचा 'खट्' आवाज हे सगळं त्यानंतर. धार घरी लावता येते, वरवरचा गंज घासून निघतो, मूठ पुन्हा पॉलिश होते. पण पातं आणि स्प्रिंग जिथे एकमेकांना टेकतात तिथली घासणी कारखान्यातच चुकली असेल, तर तो चाकू कायमचा तसाच राहतो. किमतीतला फरकही बराचसा याच कामाचा असतो, कारण ते यंत्रावरून उतरल्यावर माणसाला हाताने एकेक चाकू धरून पुरं करावं लागतं.

रचना नीट कळली की तपासणी आपोआप सुचते. या चाकूला कुलूप नसतं. पातं उघडं राहतं आणि मिटलेलं राहतं ते मुठीच्या पाठीत बसवलेल्या पोलादी स्प्रिंगच्या दाबावर. अशा चाकूला स्लिपजॉइंट म्हणतात. दोन बाजूंना पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे लाइनर. त्यांच्यावर हाड, शिंग किंवा लाकूड. टोकांना धातूच्या टोप्या, म्हणजे बोल्स्टर. जर्मन सिल्व्हरमध्ये नावाला चांदी असली तरी प्रत्यक्षात नसते. तांबं, निकेल आणि जस्त एवढंच त्यात असतं. पात्याचा मुठीत राहणारा भाग म्हणजे टँग. पुढे त्याला मी बूड म्हणेन. बुडातून आरपार गेलेल्या पिनेवर पातं फिरतं. एका बाजूने उघडणाऱ्या चाकूत स्प्रिंगला एक पिन मध्याच्या आसपास आणि एक शेवटाला असते. जुळणी करताना भोकं मुद्दाम थोडी चुकवलेली असतात. स्प्रिंग दाबून भोकं एका रेषेत आणायची आणि पिन ठोकायची. त्या दाबण्यातूनच तिच्यात ताण भरला जातो.

आता मुख्य परीक्षा. बुडाला तीन सपाट कडा असतात. मिटलेल्या अवस्थेत स्प्रिंगचं टोक एका कडेवर, पातं काटकोनात असताना दुसरीवर, पूर्ण उघडल्यावर तिसरीवर. पिनेच्या मध्यापासून या तिन्ही कडा अगदी सारख्या अंतरावर असतील, तरच तिन्ही ठिकाणी स्प्रिंगची पाठ दोन्ही लाइनरच्या पातळीत येते. चाकू मिटलेला धरा आणि अंगठ्याचं नख पाठीवरून आडवं फिरवा, एका लाइनरवरून स्प्रिंगवर, तिथून दुसऱ्या लाइनरवर. नख अडकता कामा नये. मग पातं काटकोनात आणा, पुन्हा फिरवा. पूर्ण उघडा, पुन्हा फिरवा. केसाच्या जाडीएवढा फरकसुद्धा नखाला कळतो, डोळ्याला नाही कळला तरी.

उत्तम चाकूत तिन्ही जागी पाठ सपाट लागते. चांगल्या कारखानी चाकूत मिटलेली आणि उघडी जागा सपाट, आणि काटकोनात स्प्रिंग जराशी खोल किंवा वर, हे चालतं. उघडल्यावर स्प्रिंग आत गेलेली असेल तर उघड्या जागेची कड जास्त घासली गेली आहे. तिथे स्प्रिंगचा ताण उतरतो आणि पातं डळमळायला लागतं. उघडल्यावर स्प्रिंग वर उचललेली राहत असेल, तर पातं जागेवर पूर्ण बसलेलंच नाही: कड कमी घासली गेली आहे किंवा मध्ये कचरा अडकलाय. आधी कचरा काढून बघा, मग दोष द्या.

काही चाकूंत बुडाची काटकोनातली कड मुद्दाम गोल ठेवतात. पातं मध्ये थांबत नाही, एका लयीत उघडतं. त्यात काटकोनाची परीक्षा लागू नाही. मध्ये स्प्रिंग वर उचलली जाणारच. हा दोष धरू नका, ही निवड आहे. ज्यांना मिटताना बोटांची काळजी वाटते त्यांनी काटकोनात थांबणारा घ्यावा, कारण पातं बोटांपर्यंत येण्याआधी एकदा अडतं.

यानंतर उजेडाची परीक्षा. चाकू मिटलेला ठेवून खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटसमोर आडवा धरा आणि पाठीकडून बघा. स्प्रिंग आणि लाइनर यांच्यामधून उजेड दिसायला नको. पिनांच्या जवळ फट नाही पण दोन पिनांच्या मध्ये केसभर फट आहे, असं बऱ्याच मध्यम किमतीच्या चाकूंत सापडतं. तेवढ्याने कामाला बाध येत नाही, फक्त तिथे धूळ आणि ओल शिरते. पिनेच्या अगदी शेजारीच फट असेल तर मात्र पिन नीट आवळलेली नाही, आणि ती पुढे वाढत जाणार. हाड आणि बोल्स्टर यांच्यातली फट वेगळी. ती पुढे मुठीच्या ठिकाणी सांगतो.

पात्याचा ढिलेपणा दोन प्रकारचा असतो आणि लोक दोन्ही एकात मोजतात, तिथे घोटाळा होतो. पातं उघडून पात्याच्या मध्यावर चिमटीत धरा, धारेला बोट लागणार नाही असं. आधी डावीकडे-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. बाजूला किंचित हलणं म्हणजे बहुधा पिन थोडी सैल आहे. ते दुरुस्त होतं: बोल्स्टर सपाट ऐरणीवर किंवा जाड लोखंडी पट्टीवर टेकवायचा, खाली पातळ चामडं घालायचं, आणि शंभर-दोनशे ग्रॅमच्या गोल तोंडाच्या हातोडीने पिनेच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे. दोन-तीन ठोक्यांनंतर पातं उघडून-मिटून बघायचं. एक ठोका जास्त पडला की पातं आळशी होतं, म्हणजे मिटताना शेवटचा सेंटिमीटर स्वतःहून जात नाही. पिन बोल्स्टरमधून न जाता हाडातून जात असेल तर हे करूच नका, हाड तडकेल.

वर-खाली हलणं मात्र गंभीर आहे. त्याचा अर्थ स्प्रिंगचं टोक आणि बुडाची खाच एकमेकांत बसत नाहीत, किंवा बुडाचं भोक पिनेपेक्षा मोठं झालंय. ठोकून ते जात नाही. नवा चाकू असेल तर परत करा. जुना असेल तर किंमत त्या हिशेबाने द्या.

आता आवाज आणि ओढ. पातं उघडायला नखाला किती जोर लागतो त्याला शौकीन मंडळी एक ते दहा असे गुण देतात. रोजच्या वापराला पाच ते सात पुरे. जितकी कडक ओढ तितका चाकू भारी, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी २००६ पासून चाकू बनवणाऱ्या ग्रेट ईस्टर्न कटलरीचे काही नमुने कडक ओढीसाठी ओळखले जातात आणि त्यांची बांधणी उत्तम असते, त्यावरून हा समज पसरला असावा. पण नख तुटेल इतकी ओढ हलक्या चाकूतही असते. नुसती जाड स्प्रिंग घातली की झालं. तुम्हाला बघायचंय ते ओढीचं वळण. उघडताना जोर हळूहळू चढावा, मग एका क्षणी सुटावा, आणि पातं शेवटी स्वतःच्या जोराने जागेवर जाऊन बसावं. मिटतानाही तसंच. मध्येच खरखर लागली तर कडेवर कानशीचे ओरखडे राहिलेत किंवा आत माती आहे. शेवटी पातं मऊ पडत बसलं, आवाजच आला नाही, तर तीन कारणं संभवतात: जुनं तेल चिकट होऊन बसलंय, पिन जास्त आवळली गेलीय, किंवा स्प्रिंगचं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून पोलादाला दिलेला कडकपणा, कमी पडलंय. पहिलं धुऊन जातं. दुसरं अवघड आहे. तिसऱ्याला इलाज नाही.

स्प्रिंगला पाणी देणं हे पात्याला पाणी देण्यापेक्षा वेगळं काम आहे. पातं कडक हवं, धार टिकायला. स्प्रिंग त्याहून मऊ ठेवतात, वाकून परत येण्यासाठी. फार कडक राहिली तर एक दिवस तुटते, फार मऊ राहिली तर हळूहळू वाकलेलीच राहते आणि ओढ सात वरून चारवर येते. दुकानात हे कळण्याचा एकच मार्ग: चाकू पंधरा-वीस वेळा उघड-मीट करा आणि पहिल्या वेळेची आणि शेवटच्या वेळेची ओढ ताडून बघा. फरक जाणवायला नको.

अंगठ्याला अंदाज नसेल तर आधी एक मापकाठी हाताळून बघा. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या व्हिक्टोरिनॉक्सचा अल्युमिनियमच्या मुठीचा कोणताही चाकू त्यासाठी उत्तम. तो आपल्याकडच्या दुकानांतही मिळतो. यंत्राने इतका एकसारखा बनतो की त्याची ओढ आणि बसण एकदा अंगठ्यात भिनली की दुसऱ्या चाकूतली कसर लगेच कळते.

मग चाकू मिटून वरून, म्हणजे पातं ज्या फटीत जातं तिथून, बघा. एकच पातं असेल तर ते दोन्ही लाइनरच्या मध्ये असावं. जरा एका बाजूला झुकलेलं चालेल, पण लाइनरला घासत असेल तर पितळेवर चमकदार रेघ आणि पात्यावर ओरखडे दिसतील. दोन-तीन पाती असतील तर निकष सैल करावा लागतो. तीन पात्यांच्या स्टॉकमन चाकूत बहुधा दोनच स्प्रिंगा असतात, म्हणजे तीन पाती दोघांच्या जागेत बसवायची. त्यासाठी पाती बुडाजवळ किंचित वाकवतात. हे वाकवणं हा दोष नाही, तीच कारागिरी आहे. पाती एकमेकांना न घासता शेजारून सरकली पाहिजेत. हलक्या कामात मधलं पातं उघडताना शेजारच्या पात्याची पॉलिश खरवडतं. पहिलाच चाकू असेल तर एक पातं आणि एक स्प्रिंग असलेला घ्या. त्यात चुकायला जागा कमी असते आणि तेवढ्याच पैशात बांधणी वरची मिळते.

पातं मिटल्यावर धार स्प्रिंगला आतून आपटते का, हे फार थोडे जण तपासतात. आपटत असेल तर कितीही धार लावा, ठरावीक ठिकाणी ती दर वेळी बोथट झालेली सापडेल. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला मेणबत्तीचं मेण पातळसं लावा आणि पातं नेहमीसारखं खटकन मिटू द्या. उघडून बघा. मेणावर बारीक चीर उमटली तर धार टेकते आहे. चीर नेमकी कुठे आहे तेही बघा: मध्यावर असेल तर पात्याचं पोट खाली येतंय, टोकाजवळ असेल तर टोक खोल जातंय.

याच्या उलट दोष टोक वर राहण्याचा. मिटलेल्या चाकूवरून बोटाचं पेर लाइनरच्या कडेने सरकवा. टोक बोचलं तर खिशात हात घालताना एक दिवस रक्त येणार. हा दोष घरी निघतो, फक्त घाई नको. बुडाच्या धारेकडच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. मिटल्यावर पातं स्प्रिंगवर टेकतं ते या उंचवट्यावर. त्याला बारीक कानशीचे दोन हात मारले की पातं जरा खोल बसतं आणि टोक खाली जातं. दोन हात मारा, मिटून बघा, मेणाची परीक्षा परत करा. किक जास्त घासली गेली की धार आपटायला लागते, आणि घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. टोक वर आणि धार आपटते असे दोन्ही दोष एकाच चाकूत असतील तर पात्याचा आकारच चुकलाय. तो घेऊ नका.

नखाची खाच तपासायला विसरू नका. ती पुरेशी खोल असावी, तिची वरची कड स्पष्ट असावी, आणि पातं मिटलेलं असताना लाइनरच्या आड अर्धी झाकलेली नसावी. कडक ओढ आणि उथळ खाच एकत्र आली की चाकू ड्रॉवरमध्येच राहतो.

पात्याची घासणी दोन्ही बाजूंनी सारखी हवी. पातं टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरलं की पाठ मध्यभागी आणि धार तिच्या बरोबर खाली दिसली पाहिजे. धार सपाट काचेवर अलगद टेकवून मागून उजेड सोडा. सरळ धारेच्या पात्याखाली मध्ये उजेडाची कमान दिसली तर तिथे यंत्राने जास्त खाल्लंय. हे सगळ्यात जास्त सापडतं ते बुडाजवळ, धार सुरू होते तिथे. धारेच्या लगेच मागची जाडी व्हर्नियरने मोजता आली तर मोजा: अर्धा मिलिमीटर किंवा कमी असेल तर चाकू कापेल, पाऊण मिलिमीटरच्या वर असेल तर सफरचंद कापताना ते फाकवेल. कारखान्यातून आलेली धार बोथट असणं क्षम्य आहे, दहा मिनिटांत ती लागते. जाड घासलेलं पातं मात्र दगडावर तासन्‌तास घालवल्याशिवाय सुधारत नाही.

टोकाचा रंगही बघा. टोकाला पोलाद सर्वांत कमी असतं, म्हणून कोरड्या चाकावर घासताना ते आधी तापतं. निळसर किंवा जांभळट झाक दिसली तर तिथलं पाणी उतरलंय. पोलाद निळं पडायला साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, आणि चाकूच्या पात्याला तेवढी सोसत नाही. पॉलिश करून रंग घालवता येतो, त्यामुळे जुन्या चाकूत टोक वारंवार दुमडत असेल तर हेच कारण धरा.

पोलादाबद्दल थोडक्यात. १०९५ हे साधं कार्बन पोलाद, त्यात कार्बन ०.९५ टक्क्यांच्या आसपास. बारीक धार घेतं, दगडावर पटकन लागतं, आणि गंजतं. कैरी, लिंबू किंवा चिंच कापली तर काही मिनिटांत पातं काळवंडतं. तो काळसर-निळा थर वाईट नाही, उलट पुढच्या गंजाला थोडा अटकाव करतो. तांबूस डाग मात्र लगेच पुसायचे. ४२०एचसीसारखं स्टेनलेस धार थोडी लवकर सोडतं, पण पावसाळ्यात कोकणात खिशात ठेवून विसरलं तरी चालतं. दमट हवेत राहणाऱ्याने, रोज पुसायची सवय नसेल तर, स्टेनलेसच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एक लक्षात ठेवा: स्टेनलेस पात्याच्या चाकूतही स्प्रिंग कधी कधी साध्या पोलादाची असते. आतून गंज धरते तीच. 'दमास्कस' म्हणून नक्षीदार पात्याचे स्वस्त चाकू मिळतात. ती नक्षी सांध्याबद्दल काहीच सांगत नाही आणि पोलादाबद्दलही फारसं सांगत नाही.

मुठीत बघायचं ते जोड. हाड आणि बोल्स्टर जिथे भिडतात तिथे नख फिरवा. वाळलेलं हाड आणि लाकूड हवेप्रमाणे आक्रसतं-फुगतं, म्हणून केसभर रेघ चालते. कागद आत जाईल एवढी फट चालत नाही. मग भिंग घेऊन पिनांभोवती बघा. हाडाला पिनेपासून निघालेली केसासारखी चीर असेल तर पिन ठोकताना ते तडकलेलं आहे, आणि ती चीर पुढे सरकते. दुकानदार तिला हाडाचा नैसर्गिक रेषा-पोत म्हणतात. पोत पिनेपासून सुरू होत नाही. बोल्स्टर भरीव आहे की पातळ पत्रा दुमडून बसवलाय, हे आतल्या बाजूने कळतं: पातं उघडून लाइनर आणि बोल्स्टरचा जोड बघा. पत्र्याचा असेल तर आत पोकळी किंवा दुमडीची कड दिसते, आणि वरून ठोकलं तर पोचा येतो. अशा चाकूची पिन पुढे आवळता येत नाही, कारण ठोका घ्यायला खाली भरीव काही नसतं.

जुन्या चाकूंत कासवाच्या पाठीसारखी किंवा मोत्यासारखी चमकणारी मूठ बहुधा सेल्युलॉइडची असते. ती कालांतराने विघटित होते आणि तिच्यातून आम्लधर्मी वाफ निघते. चाकू नाकाशी न्या: कापराचा वास आला तर सेल्युलॉइड आहे, आणि आंबूस, झोंबणारा वास आला तर ते कुजायला लागलंय. पितळेला एकाएकी धरलेला हिरवा कळंक आणि मुठीलगतच्याच पट्ट्यात पात्यावर आलेला गंज ही त्याचीच खूण. असा चाकू दुसऱ्या चाकूंसोबत एका डब्यात ठेवायचा नाही, आणि आगीजवळ तर मुळीच नाही.

सांबरशिंगाच्या मुठीबद्दल वेगळं सांगायला हवं. इंग्लंडमधल्या शेफील्ड, जर्मनीतल्या झोलिंगेन आणि अमेरिकेतल्या चाकूंच्या कारखान्यांना भारतातल्या सांबराचं शिंग सर्वांत आवडायचं, कारण त्याचा गाभा भरीव असतो आणि खडबडीत पोत पकडीला छान बसतो. पुढे भारताने या व्यापारावर बंदी घातली, म्हणून जुन्या चाकूंची किंमत वाढली. आपल्यासाठी अर्थ असा की अशा मुठीचा चाकू भारतात घेणं-विकणं किंवा बाहेरून मागवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली अडचणीत आणू शकतं. बैलाचं किंवा म्हशीचं हाड-शिंग घ्या. नीट वाळवलेलं असेल तर कामाला ते तितकंच चांगलं.

वरचे निकष स्प्रिंगच्या चाकूंचे. काही जुन्या घराण्यांना ते लागू होत नाहीत. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातल्या ओपिनेलला, जो १८९० पासून बनतो, पाठीला स्प्रिंगच नाही. पातं लाकडाच्या खाचेत घर्षणावर राहतं आणि सहा नंबरपासून वरच्या मापांत १९५५ मध्ये आलेली फिरती कडी त्याला अडवते. तिथे बघायचं ते: कडी फिरताना सारखी घट्ट लागते का, खाच मध्यभागी कापली आहे का, आणि लाकडाचे उभे तंतू मुठीच्या लांबीत सरळ जातात का. बीचचं लाकूड जूनच्या पहिल्या पावसात फुगतं आणि पातं इतकं अडकतं की नखाने निघत नाही. हा बांधणीचा दोष नाही. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं थोडं बाहेर येतं. उन्हाळ्यात सांध्याच्या खाचेत आतून जवस तेलाचे दोन-तीन हात देऊन वाळवलं तर पुढच्या पावसात त्रास कमी होतो. जपानच्या मिकी गावच्या हिगोनोकामीतही स्प्रिंग नसते. पत्र्याची दुमडलेली मूठ, एक पिन आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची शेपटी. तो सैल होतोच. पिनेवर दोन ठोके हीच त्याची देखभाल.

लायोल या फ्रेंच चाकूवर सर्वांत जास्त फसगत होते, कारण त्या नावाखाली जगभर कुठेही बनलेला माल विकला जातो. स्प्रिंगच्या टोकावर मधमाशी असते. चांगल्या कामात ती स्प्रिंगच्याच पोलादातून घडवून वर कोरलेली असते. हलक्या कामात वेगळी माशी डाग देऊन चिकटवतात आणि भिंगाखाली तिच्या कडेने जोडाची रेघ दिसते. मात्र डाग दिलेली माशी असूनही सांधा चांगला असू शकतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. या चाकूच्या बऱ्याच नमुन्यांत खटकन मिटू दिलं तर धार स्प्रिंगला आपटते. पातं बोटाने धरून हळू मिटायचं, ही त्याची रीतच आहे.

बुडावरच्या शिक्क्याला महत्त्व आहे, पण शेवटी. 'झोलिंगेन' हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. अमेरिकेच्या केस कंपनीच्या चाकूवर मुठीचं साहित्य, पात्यांची संख्या आणि नमुना आकड्यांत असतो. ६३१८ मध्ये ६ म्हणजे हाड, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा नमुना. १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके होते आणि दर वर्षी एक कमी होत गेला, म्हणून त्या दशकातला चाकू कोणत्या वर्षाचा ते मोजता येतं. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा तारा आणि क्रॉस हा शिक्का १६८२ पासूनचा, आणि त्याची नक्कल फार झाली. चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात असा चाकू दिसला तर शिक्का आणि पातं यांचं वय ताडून बघा. पातं घासून-घासून निम्मं झालेलं, पाठीवर खोल डाग, आणि शिक्क्याची अक्षरं मात्र कोरी करकरीत, हे जुळत नाही. पातं कितपत संपलंय ते मिटल्यावर कळतं: टोक लाइनरच्या कडेपासून फार आत गेलेलं आणि नखाची खाच धारेच्या जवळ आलेली असेल तर अर्धं पोलाद दगडावर गेलेलं आहे. आरशासारखी चमक असलेला जुना चाकू हा तर सरळ संशयाचा विषय. बफ मारून शिक्का, खाचेच्या कडा आणि गंजाचे खड्डे सगळंच गुळगुळीत केलेलं असतं.

लांबून मागवताना विकणाऱ्याकडे मागायचे फोटो हे: पाठीचे तीन, मिटलेलं, काटकोनातलं आणि उघडं, खिडकीकडे धरून, मिटलेल्या चाकूचा वरून एक, पाती ज्या फटीत जातात तिथला, टोक आणि लाइनरची कड दिसेल असा बाजूचा एक, आणि पिनांभोवतीच्या हाडाचा जवळून एक. सोबत दोनच प्रश्न विचारा: उघडं पातं वर-खाली हलतं का, आणि शेवटचा सेंटिमीटर ते स्वतःहून मिटतं का. फोटो देणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी त्याच्याकडून घ्या.

चाकू हातात आला की पहिल्या दिवशी सांधा धुवा. पातं अर्धं उघडं ठेवून सांध्यात खनिज तेलाचे दोन थेंब सोडा. केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं, शिलाई मशीनचं तेलही चालतं, पण फळं कापायची असतील तर पहिलंच. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि कालांतराने चिकट होतं. पंचवीस-तीस वेळा उघड-मीट करा, पुसा, पुन्हा दोन थेंब. नव्या चाकूतून काळं तेल निघतं ती पॉलिशची मळी, त्याची काळजी नको. तांबूस निघालं तर आत गंज आहे. तेल स्वच्छ येईपर्यंत हेच करा आणि मगच ओढीला गुण द्या, कारण खरखरीत वाटणारे बरेच चाकू यानंतर सुरळीत होतात. महिनाभर वापरल्यावर पातं पुन्हा चिमटीत धरून बाजूला हलवून बघा. नवी पिन या काळातच बसते, आणि सैल होणार असेल तर तेव्हाच कळतं, परतीची मुदत संपायच्या आत.